स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसचे शॉकअप बदलताना

शॉकअप एका दिवसात जात नाही. रोज थोडा थोडा जातो आणि चालवणाऱ्याच्या कमरेला त्याची सवय होत जाते. म्हणून पहिली तक्रार बहुधा मागच्या सीटवरून येते, नाहीतर टायरकडून.

२०१७ साली आलेली ऑक्टाव्हिया आरएस २३० आणि २०२० साली भारतात फक्त २०० नग आलेली आरएस २४५ या दोन्ही गाड्या आता अशा वयात आहेत की कंपनीचं सस्पेन्शन थकलेलं असलं तर नवल नाही. दोन्ही एमक्यूबी प्लॅटफॉर्मवरच्या, म्हणजे फोक्सवॅगन समूहाच्या सामाईक सांगाड्यावरच्या. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे मल्टी-लिंक (प्रत्येक चाकाला वेगवेगळे आर्म), आणि मागची स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी. खालचं सगळं या दोघींना धरून आहे. पोलो जीटीआयवाल्यांनी पुढच्या भागातलं तत्त्व तेवढं घ्यावं. तिला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारी एकच तुळई आहे, तिथला हिशोब निराळा.

आधी काय मरतं

बहुतेक वेळा आधी मरतो तो शॉकअप नव्हे, बंप स्टॉप. शॉकअपच्या दांड्यावर वरच्या टोकाला बसलेला फोमचा पिवळट तुकडा. साध्या गाडीत त्याला काम पडतं ते मोठ्या खड्ड्यात. आरएसची उंची कमी, स्प्रिंगला दबायला जागा कमी, त्यामुळे चार माणसं आणि डिकीत सामान असलं की तो जवळपास रोजच्या ड्युटीवर असतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोल गतिरोधक १० सेंटीमीटर उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा सांगितलाय, ताशी २५ किलोमीटरसाठी. आपल्या गल्लीतला गतिरोधक उंचीला तेवढाच, पण रुंदीला हातभर. तो ओलांडताना चाक वर चढत नाही, वर फेकलं जातं.

फोम वयाने आणि ओलाव्याने ठिसूळ होतो. मग प्रत्येक आपटीला त्याचा भुगा पडतो. त्याला अडकवलेलं डस्ट कव्हर सैल होऊन खाली घसरतं आणि दांडा उघडा पडतो. सिंहस्थाच्या कामांनी आपलं नाशिक जागोजागी खणलेलं आहे. त्या धुळीत उघडा क्रोम दांडा दिवसभर सीलमधून वर-खाली होत राहतो. सील कापलं जातं, तेल बाहेर येतं आणि गॅरेजवाला सांगतो, "शॉकअप गेला." गेला खरा, पण त्याला मारणारा होता यादीतला सगळ्यात स्वस्त पार्ट. जुना बंप स्टॉप तसाच ठेवून नवा शॉकअप बसवला की हीच गोष्ट पुन्हा सुरू होते.

तेल न गळताही शॉकअप मरतो. आतल्या व्हॉल्व्हच्या पातळ चकत्या थकतात, गॅस निसटतो, मग तेलाला फेस येतो. गाडी थंड असताना ठीक वाटते आणि कसारा घाटात दहा मिनिटं वळणं घेतली की पोहायला लागते, ती याच कारणाने.

बॉनेट दाबून सोडायची जुनी चाचणी इथे फारशी उपयोगाची नाही. स्प्रिंग कडक, बुश (सांध्यांतली रबरं) ताठ. शॉकअप अर्धा मेलेला असला तरी गाडी एका उसळीत थांबते आणि आपली समजूत होते की सगळं ठीक आहे. त्यापेक्षा टायरवर तळहात फिरवा, परिघाच्या दिशेने, दोन्हीकडून. वाट्या-वाट्या लागल्या, म्हणजे रबर ठरावीक अंतरावर खोलगट झालेलं असलं, तर चाक रस्त्यावर टिकत नाही, नाचतंय. शॉकअपच्या अंगावर वरच्या बाजूला धूळ चिकटलेला हलका ओलावा चालतो. खालच्या कपापर्यंत ओघळ आला असेल तर विषय संपला.

आवाजाचंही एक शास्त्र आहे. छोट्या, तीक्ष्ण खाचांवर टक-टक येत असेल तर आधी लिंक रॉड बघा, म्हणजे अँटी-रोल बार स्ट्रटला जोडणारी बारीक दांडी. जागेवर उभं राहून स्टिअरिंग फिरवताना 'टंग' असा स्प्रिंग सुटल्यासारखा आवाज आला तर वरच्या माउंटचं बेअरिंग अडकतंय. रिव्हर्समध्ये ब्रेक मारल्यावर एकच 'धप्प' आला तर लोअर आर्मचा, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा, मागचा बुश फाटलाय, आणि त्याला शॉकअप कितीही भारी लावला तरी फरक पडणार नाही. गतिरोधक उतरताना मागून 'धाड' आला तर बंप स्टॉपचा भुगा झालेला असतो आणि शॉकअप शेवटच्या टोकाला आपटतोय. मागचं चाक काढून टॉर्चने बघितलं की पाच मिनिटांत कळतं.

कुठलाही पार्ट मागवण्याआधी सपाट जागेवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या फेंडरच्या कडेपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा आणि लिहून ठेवा. डाव्या-उजव्यात पाच-सात मिलिमीटरहून जास्त फरक दिसला तर स्प्रिंगही तपासायला हवी. स्प्रिंग बरेचदा सगळ्यात खालच्या वेढ्यात, बैठकीच्या आत तुटते. तुकडा तिथेच बसून राहतो, बाहेरून काही दिसत नाही. हेच आकडे पुढे बोल्ट कसताना पुन्हा लागणार आहेत, म्हणून कागद फेकू नका.

काय बसवायचं

इथे मत स्पष्ट सांगतो: नाशिकमध्ये रोज चालणाऱ्या आरएसला कंपनीच्या उंचीवर ठेवा. गाडी खाली बसवायचा मोह सगळ्यांना होतो, कारण आधीच काम निघालेलं असतं आणि स्प्रिंगचे पैसे त्यामानाने थोडे वाटतात. पण मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये गाडी खाली घेतली की लोअर आर्मचं बाहेरचं टोक वर चढतं आणि रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) खाली जातं, तेही गुरुत्वमध्यापेक्षा जास्त. म्हणजे स्प्रिंग कडक करून जे कमावलं त्यातलं बरंचसं भूमितीत गमावलं. शिवाय बंप स्टॉपपर्यंतची जागा घटते. पेठ रोडला किंवा पहिन्याच्या रस्त्याला पावसाळ्यात गाडी मग स्प्रिंगवर नाही, फोमवर चालते.

साधा पर्याय म्हणजे मूळ दर्जाचा शॉकअप: सॅक्स किंवा बिल्स्टाईनचा बी४. गाडी नवी होती तशी होते, आणि बहुतेकांना तेवढंच हवं असतं. एक पायरी वर बिल्स्टाईन बी६. हा मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीत तेल आणि वेगळ्या पिस्टनमागे जास्त दाबाचा गॅस, साधारण २० ते ३० बार. तेल आणि गॅस वेगळे असल्याने फेस होत नाही, घाटात शेवटच्या वळणालाही पहिल्या वळणासारखाच वागतो. कमी वेगात शहरातल्या डांबराच्या ठिगळांवर तो जरा टोचतो, हे मान्य करून घ्यायचं. कोनीचा स्पेशल अ‍ॅक्टिव्ह त्या बाबतीत मवाळ आहे. भराभर बसणाऱ्या छोट्या धक्क्यांना तो सैल पडतो आणि वळणातल्या संथ झुकण्याला घट्ट राहतो. घरात म्हातारी माणसं असतील तर हा.

बी८ आणि बी६ यांत गल्लत करू नका. बी८ चा दांडा आखूड, तो खाली बसवलेल्या स्प्रिंगसाठी आहे. मूळ उंचीच्या स्प्रिंगवर तो लावला तर दांड्याला बाहेर यायला जागा उरत नाही, खड्ड्यातून चाक खाली जाताना शॉकअप टोकाला ठोकतो. उलट बाजूची चूक जास्त दिसते: आखूड स्प्रिंग आणि जुनेच मूळ शॉकअप. उसना दम असलेल्या शॉकअपवर जास्त कडक स्प्रिंग टाकल्यावर तो लवकरच पूर्ण बसतो. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, याबद्दल एवढंच, की उंची बदलायचे आटे उघडे असतात आणि दोन पावसाळे साफसफाई केली नाही तर ते जाम होतात. कायद्याचाही मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेयर गाडीखाली वाकून बघतो.

मागवताना दोन गोष्टी. एक, डिकीत स्पेअर व्हीलच्या खोलगट जागेत किंवा सर्व्हिस बुकमध्ये असलेल्या स्टिकरवरचे पीआर कोड, म्हणजे गाडीत कारखान्यातून काय बसवलंय ते सांगणारे कोड. सस्पेन्शनचा प्रकार त्यावरून ठरतो, निव्वळ 'ऑक्टाव्हिया' म्हणून पार्ट मागू नका. दोन, स्ट्रटचा व्यास. एमक्यूबी गाड्यांत पुढचा स्ट्रट ५० मिलिमीटर आणि ५५ मिलिमीटर अशा दोन मापांत येतो. नकलमध्ये (चाकाचा हब धरणाऱ्या ओतीव भागात) जिथे तो बसतो तिथे व्हर्नियर लावून मोजा. चुकीचं माप आलं तर ते गाडी उघडून ठेवल्यावरच कळतं.

शॉकअपबरोबर पुढच्या बाजूला दोन वरचे माउंट, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप, दोन डस्ट कव्हर आणि दोन लिंक रॉड घ्या. मागच्या बाजूला दोन बंप स्टॉप आणि त्यांची कव्हरं, आणि स्प्रिंग काढणार असाल तर वर-खालचे चार रबर पॅड. आणि एकदाच वापरायचे सगळे नट-बोल्ट. वेगळी मजुरी यातल्या कशालाच जवळपास नाही, कारण तिथपर्यंत तसंही उघडावं लागतंच. शॉकअप नेहमी एका एक्सलची जोडी बदला. एकच बदलला तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते.

पुढची बाजू

स्ट्रटच्या वरचे तीन बोल्ट वायपरखालच्या प्लास्टिक काऊलच्या आड आहेत. वायपरचे दांडे काढून काऊल उचलावं लागतं. घाईत ते वाकवून काम भागवतात, मग क्लिप तुटतात आणि पाणी नको तिथे उतरतं. दांडे काढण्याआधी काचेवर चिकटपट्टीने खूण करा.

चाक काढल्यावर एबीएसची वायर आणि ब्रेकचा होज त्यांच्या ब्रॅकेटमधून सोडवा. लिंक रॉड सुटा करा. स्टडच्या मधल्या खाचेत बिट धरून नट फिरवा, नाहीतर स्टड नटाबरोबर गोल फिरत बसतो. हेडलाइटची लेव्हल आपोआप ठरणारी गाडी असेल तर आर्मवर सेन्सरची बारीक काडी असते, ती आधी काढा. अनेक ठिकाणी ती तुटते आणि मग लाइटचा फॉल्ट शोधत बसावं लागतं. खालचा बॉल जॉइंट आर्मपासून सोडवून नकल खाली ओढता येतो, पण ड्राइव्ह शाफ्ट बाहेर खेचला जाऊ देऊ नका. आतला जॉइंट सुटला की ग्रीस, बूट आणि अर्धा दिवस गेला.

आता नकलची पकड. स्ट्रट नकलच्या चिरलेल्या कॉलरमध्ये एका आडव्या बोल्टने आवळलेला असतो. बोल्ट काढला तरी तो हलत नाही. इथे छिन्नी आणि हातोडा बाहेर येतो, आणि कॉलरची एक कड चपटी होते. मग पुढचा स्ट्रट कधीच सरळ बसत नाही. योग्य हत्यार अगदी साधं आहे: लंबगोल तोंडाचा बिट चिरेत घालायचा आणि रॅचेटने ९० अंश फिरवायचा. चीर मिलिमीटरभर उघडते, स्ट्रट हाताने निघतो. आपण नाशिकमध्ये आहोत हा इथे फायदा आहे. सातपूर किंवा अंबडच्या कुठल्याही लेथवाल्याला चिरेचं माप देऊन ईएन-२४ पोलादाचा असा बिट करून घ्या आणि हार्ड करायला सांगा. साध्या माइल्ड स्टीलचा पहिल्याच पिळात वळतो.

स्प्रिंग सोडणं हा या कामातला एकमेव खरोखर जिवावरचा भाग. दोन कॉम्प्रेसर अगदी समोरासमोर लावा, आळीपाळीने दोन-दोन फेरे आवळा, आणि स्प्रिंग बैठकीत हाताने फिरायला लागेपर्यंत दांड्याच्या टोकाचा मधला नट अजिबात सोडू नका. आवळलेल्या स्प्रिंगच्या टोकासमोर तोंड नको. मधला नट एअर गनने काढायची आणि लावायची सवय सोडा. दांडा आत गरगर फिरतो आणि नव्या शॉकअपचं सील पहिल्याच दिवशी दुखावतं. अ‍ॅलन कीने दांडा धरून वरून पाना. दांडा फिरू नये म्हणून त्याच्या क्रोमला प्लायर लावणाऱ्या माणसाच्या हातून गाडी काढून घ्या.

नवा शॉकअप डब्यात आडवा पडून आलेला असतो. ट्विन-ट्यूब (नळीत नळी असलेला साधा प्रकार) असेल तर उभा धरून चार-पाच वेळा सावकाश पूर्ण दाबा आणि सोडा, म्हणजे आतली हवा वर जाते. मोनोट्यूबला याची गरज नाही. जोडताना स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलंय ना बघा, आणि माउंटवरच्या खुणेचा बाण गाडीच्या पुढच्या दिशेला ठेवा. मधला नट ६० न्यूटन-मीटर. काऊलखालचे तीन बोल्ट १५ न्यूटन-मीटर आणि त्यानंतर आणखी ९० अंश. ही 'आणखी अंश'वाली भाषा जिथे आहे तो बोल्ट ताणून बसवलेला असतो, म्हणून दुसऱ्यांदा वापरत नाहीत. कॉलरच्या आणि बॉल जॉइंटच्या बोल्टचे आकडे गाडीच्या चासिस नंबरावरून मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज करू नका. स्ट्रटवरची छोटी जीभ नकलच्या चिरेत बसली पाहिजे. ती बाहेर राहिली तर स्ट्रट वाकड्या कोनात आणि उथळ बसतो.

मागची बाजू, आणि बोल्ट कसायची वेळ

मागे नुसते शॉकअप बदलायचे असतील तर स्प्रिंगला हात लावायची गरज नाही. आर्मखाली जॅक देऊन वजन घ्या, चाकाच्या कमानीतलं अस्तर बाजूला करून वरचे दोन बोल्ट आणि खालचा एक बोल्ट काढा. अर्ध्या तासाचं काम. जॅक मात्र नवा शॉकअप बसेपर्यंत हलवू नका. खाली लोंबणारा आर्म रोखून धरणारी मुख्य वस्तू शॉकअपच आहे.

खरी चूक इथे होते आणि ती सहा महिन्यांनी दिसते. रबर बुश म्हणजे बेअरिंग नव्हे. आतली लोखंडी नळी आणि बाहेरची नळी यांच्यामध्ये रबर चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी जागच्या जागी जखडते, आणि पुढची सगळी हालचाल रबराच्या पिळातून होते. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट कसला तर गाडी जमिनीवर उतरताक्षणी रबर पिळलेलं राहतं आणि दिवसरात्र तसंच राहतं. गाडी थोडी उंच बसते, राइड उगाच कडक वाटते, मालक शॉकअपला शिव्या देतो आणि वर्षभरात बुश फाटतो.

म्हणून सुरुवातीला लिहून ठेवलेले आकडे. समजा मागच्या डाव्या चाकाला ३६० मिलिमीटर आले होते. मागचं काम झाल्यावर हबखाली जॅक लावा आणि हबच्या मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत ३६० होईपर्यंत उचला. तिथे शॉकअपचा खालचा बोल्ट १८० न्यूटन-मीटरला कसा. आर्मचे जे जे बोल्ट सैल केले असतील तेही याच उंचीला. पुढच्या लोअर आर्मचा बुश बदलला असेल तर त्यालाही हाच नियम. पुढच्या स्ट्रटला तो लागत नाही, कारण तिथे असा बुशच नाही. चाकाचे बोल्ट १२० न्यूटन-मीटर, टॉर्क पान्यानेच, आणि पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासून.

अलाइनमेंट चारही चाकांची करून घ्या. "पुढची टो काढून देतो" एवढ्यावर समाधान मानू नका. या गाडीत मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय ते) दोन्ही एक्सेंट्रिक बोल्टने जुळवता येतात, आणि मागची टो चुकली तर स्टिअरिंग सरळ असूनही गाडी तिरकी चालते. आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंटआउट मागा. टायरमधली हवा आधी बरोबर करा, डिकी रिकामी ठेवा. शेवटी स्कॅनरने स्टिअरिंग अँगल सेन्सरची बेसिक सेटिंग, आणि हेडलाइटचा सेन्सर काढला असेल तर त्याचीही.

तपासायला लांब जायची गरज नाही. त्र्यंबक रोडने जाऊन पहिन्यावरून घोटीला उतरा. खाचा, वळणं, चढ-उतार सगळं एका फेरीत मिळतं. घोटीवरून समृद्धी महामार्गाला चढलात तर ताशी १२० च्या मर्यादेत सरळ रस्त्यावर स्टिअरिंग सैल धरून बघा आणि काँक्रीटच्या सांध्यांवर कान द्या. एकसारखा 'टप-टप' टायरचा असतो. त्यात एका बाजूने धातूचा सूर मिसळला तर लिंक रॉडचा नट किंवा वरचा माउंट पुन्हा उघडून बघा. सांधा ओलांडल्यावर गाडी एकदाच हलून स्थिर झाली पाहिजे.

डिसेंबरात निफाडकडे पारा उतरतो तेव्हा सकाळी पहिल्या गतिरोधकावर नवे बुशही कुरकुरतात. गाडी गरम झाल्यावर आवाज थांबत असेल तर तो रबराचा आहे; त्यावर ऑइल किंवा ग्रीस मारायचं नाही, पेट्रोलियम लागलं की रबर फुगतं. सिलिकॉन स्प्रेचा एक हात पुरतो.